वजनाआधी पोटाची चौकशी: धंतोलीतील एका लठ्ठपणा उपचार केंद्राचा सात महिन्यांचा अनुभव

नागपुरात धंतोली आणि रामदासपेठ या दोन वस्त्यांमध्ये दवाखान्यांची दाटी इतकी आहे की, रिक्षावाल्याला पत्त्याऐवजी आजार सांगितला तरी तो बरोबर दारात नेऊन सोडतो. त्यांपैकी धंतोलीतील एका लठ्ठपणा उपचार केंद्रात मी गेले सात महिने जात आहे. केंद्राचे नाव मी देणार नाही, कारण माझे उपचार अजून चालू आहेत आणि पुढे काही तक्रारीही मांडायच्या आहेत. परंतु ज्याला वजनाबरोबर पोटाचाही जुना त्रास आहे, त्याने अशा ठिकाणी काय पाहावे आणि काय विचारावे, हे या अनुभवावरून काही प्रमाणात कळावे, एवढ्यासाठी हे परीक्षण लिहीत आहे.

माझे वय ४३ असून मी न्यायालयात लघुलेखक आहे. पहिल्या दिवशी माझे वजन १२४ किलो भरले; उंची १७१ सेंटीमीटर धरता बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती हे सांगणारा आकडा, ४२.४ येतो. भारतीयांच्या बाबतीत डॉक्टर २५ पासूनच लठ्ठपणा धरतात आणि ४० च्या पुढचा आकडा कोणत्याही मोजपट्टीने तीव्र लठ्ठपणातच मोडतो. मात्र मला दवाखान्यात नेले ते वजनाने नव्हे, पोटाने. साक्ष नोंदवली जात असताना लघुलेखकाने उठून जाणे म्हणजे साक्षीदाराचे वाक्य मध्येच तोडणे, आणि माझे पोट गेली नऊ वर्षे अशी वाक्ये तोडण्याचीच संधी शोधत आले आहे. बेंबीखाली मुरडा येतो, ताबडतोब शौचाला जावे लागते, गेल्यावर थोडे बरे वाटते आणि तासाभरात पुन्हा तेच. या काळात दोनदा सोनोग्राफी आणि एकदा कोलोनोस्कोपी झाली. दोन्हींत काही निघाले नाही आणि प्रत्येक ठिकाणी शेवटचे वाक्य तेच ऐकले: वजन कमी करा, सगळे ठीक होईल.

या केंद्रात पाऊल टाकताच ज्या गोष्टी जाणवल्या त्या वैद्यकशास्त्रातील नसून फर्निचरच्या होत्या. प्रतीक्षागृहातील खुर्च्यांना हात नाहीत. हात असलेल्या प्लास्टिकच्या खुर्चीत अडकून उठताना खुर्चीही बरोबर उठण्याचा प्रसंग ज्याच्यावर आला असेल, त्याला याचे मोल सांगायला नको. वजनकाटा वेगळ्या खोलीत आहे, त्याची क्षमता पुरेशी आहे आणि आकडा मोठ्याने पुकारला जात नाही. परिचारिका फक्त, “भाऊ, चपला काढून उभे राहा,” एवढे म्हणते आणि आकडा फाइलमध्ये लिहिते. रक्तदाब मोजताना तिने मोठा पट्टा वापरला. जाड दंडावर लहान पट्टा गुंडाळला तर रक्तदाब असतो त्यापेक्षा जास्त दिसतो, हे मला तेथे प्रथमच समजले. यापूर्वी कित्येक वर्षे माझा रक्तदाब कोणत्या पट्ट्याने मोजला गेला असेल, हा विचार तेव्हापासून मनातून जात नाही.

या सगळ्या चांगल्या व्यवस्थेवर एका गोष्टीने पाणी फिरते. शौचालय एकच आहे, ते जिन्याच्या वळणावर आहे, त्याला कुलूप असते आणि किल्ली स्वागतकक्षातील मुलीकडे मागावी लागते. पोटाच्या रुग्णांनी भरलेल्या प्रतीक्षागृहात उभे राहून सर्वांसमक्ष किल्ली मागणे, हा प्रकार ज्याने ठरवला त्याला कधी मुरडा आला नसावा.

डॉक्टरांनी पहिल्या भेटीत मला जवळजवळ चाळीस मिनिटे दिली आणि त्यातील पहिली वीस मिनिटे वजनाचा विषयच काढला नाही. त्यांनी विचारलेले प्रश्न, नंतर मी वाचून पाहिले तेव्हा, पोटाच्या अशा विकारांचे निदान करण्यासाठी २०१६ मध्ये जाहीर झालेल्या रोम-४ निकषांना धरून होते: गेल्या तीन महिन्यांत आठवड्यातून सरासरी किमान एक दिवस पोट दुखते काय, ते दुखणे शौचाशी, शौचाच्या वेळा बदलण्याशी किंवा मलाच्या स्वरूपाशी जोडलेले आहे काय, म्हणजे या तिन्हींपैकी किमान दोन गोष्टी लागू होतात काय, आणि तक्रार सुरू होऊन सहा महिने झाले आहेत काय. टेबलावर ब्रिस्टल तक्ता होता, ज्यात मलाचे सात प्रकार चित्रांनी दाखवलेले असतात. मी सहाव्या आणि सातव्या चित्रावर बोट ठेवले. इतक्या वर्षांत शब्दांनी जे सांगता आले नव्हते, ते एका बोटाने सांगून झाले. जुलाबप्रधान आयबीएस (इरिटेबल बॉवेल सिंड्रोम, म्हणजे हळव्या आतड्याचा विकार), असे निदान त्यांनी स्पष्ट शब्दांत लिहून दिले. हा कॅन्सर नाही आणि आतड्याला सूज किंवा जखमही नाही, पण म्हणून तो मनाचा खेळही नाही. आतडे आणि मेंदू यांच्यातील निरोपांची देवाणघेवाण बिघडली आहे, अशी त्यांची मांडणी होती. शौचात रक्त, कारण नसता वजन घटणे, रात्री झोपेतून उठवणारे जुलाब, रक्तक्षय आणि घरात आतड्याच्या कॅन्सरचा इतिहास, अशा धोक्याच्या खुणा त्यांनी एकेक विचारून बाजूला केल्या. गव्हाच्या ग्लुटेनमुळे होणारा सीलिअॅक आजार आणि आतड्याची सूज वगळण्यासाठी रक्ताची व मलाची प्रत्येकी एक तपासणी सांगितली. दोन्ही ठीक निघाल्या.

त्यानंतर त्यांनी माझ्या जुन्या औषधांची पिशवी टेबलावर ओतायला लावली. मधुमेहासाठी मी चार वर्षे साधे मेटफॉर्मिन घेत होतो आणि मेटफॉर्मिनने जुलाब होऊ शकतात, ही गोष्ट काही नवीन शोधाची नाही. त्याचीच सावकाश विरघळणारी गोळी सुरू करताच आठवड्यातील दोन वाईट दिवस कमी झाले. वजन एका ग्रॅमनेही उतरलेले नसताना पोट सुधारू शकते, हे मी तेव्हा प्रथम पाहिले.

केंद्राबद्दल सर्वांत जास्त लिहावेसे वाटते ते तेथील चिकित्सा मानसशास्त्रज्ञ बाईंविषयी. सुरुवात मात्र वाईट झाली. नैराश्याची तीव्रता पाहणारी नऊ प्रश्नांची पीएचक्यू-९ ही मराठी प्रश्नावली मला प्रतीक्षागृहात, मांडीवर पॅड ठेवून भरायला दिली गेली. शेजारचे गृहस्थ तिसऱ्या प्रश्नापर्यंत माझ्याबरोबर वाचत होते. नववा प्रश्न जीव नकोसा होण्याच्या विचारांविषयी असतो, आणि तो अशा ठिकाणी खरेपणाने भरला जाईल अशी अपेक्षा करणे चुकीचे आहे. बाईंनीही कागद पाहून तेच म्हटले आणि तो प्रश्न दार लावून पुन्हा तोंडी, आडपडदा न ठेवता विचारला. केंद्राच्या फाइलवर टेली-मानस या शासकीय मोफत सेवेचा १४४१६ हा क्रमांक छापलेला आहे. तो नुसता छापलेला नाही, तर तो कशासाठी आहे हे त्यांनी समजावून सांगितले.

२७ पैकी माझे १४ गुण आले, म्हणजे मध्यम. परंतु त्या आकड्यावर त्या थांबल्या नाहीत. झोप, थकवा, भूक आणि एकाग्रता यांवरचे प्रश्न असे आहेत की, तीव्र लठ्ठपणा असलेल्या माणसाला मन उदास नसतानाही त्यांत गुण पडू शकतात. मी घोरतो काय, हे त्यांनी माझ्याऐवजी माझ्या पत्नीला विचारले. पत्नीने दिलेले उत्तर येथे उतरवण्याजोगे नाही, पण त्यामुळे झोपेची तपासणी झाली, झोपेतील श्वासरोध निघाला आणि रात्री लावण्याचे यंत्र घरी आले. दोन महिन्यांनी गुण ९ वर आले, तेव्हा त्यांतील किती गुण मनाचे होते आणि किती श्वासाचे, हे वेगळे करणे कोणालाच शक्य नव्हते.

दुसऱ्या भेटीत त्यांनी एक प्रश्न विचारला, ज्यासाठी मी या केंद्राचे सर्व दोष माफ करायला तयार आहे. मी कामाच्या दिवशी सकाळपासून संध्याकाळपर्यंत काही खात नाही, हे ऐकून त्या म्हणाल्या, “तुम्ही उपाशी राहता ते वजनासाठी की पोटासाठी?” यापूर्वी कोणत्याही आहारतज्ज्ञाने हा प्रश्न विचारला नव्हता, आणि खरे सांगायचे तर मीही स्वतःला विचारला नव्हता. मी जयप्रकाश नगर स्थानकावरून मेट्रोने कस्तुरचंद पार्कला उतरतो. वाटेतील प्रत्येक स्थानकावर स्वच्छतागृह कोणत्या बाजूला आहे, हे मला तोंडपाठ आहे. सकाळी तर्री-पोहे खाल्ले तर अजनी चौकापर्यंत पोहोचण्याची शाश्वती नसे, म्हणून खाणेच सोडून दिले होते. डबा नेत नसे. सहकारी म्हणत, “हवा खाऊनच फुगून राह्यले का भाऊ?” आणि मी हसून वेळ मारून नेत असे. रात्री साडेआठला घरचे दार लागले की दिवसभराची भूक आणि दिवसभराची भीती एकदम सुटत असत; अकरापर्यंत मी खात राहत असे, आठवड्यातून दोनदा सावजीचा रस्सा घरी येत असे. मोठ्या जेवणानंतर मोठ्या आतड्याची हालचाल वाढते, हा शरीराचा नेहमीचा नियम आहे, आणि ज्याचे आतडे आधीच हळवे आहे त्याला तो नियम जास्त कडकपणे लागू होतो. एवढ्या रात्रीच्या जेवणानंतर सकाळ वाईट उजाडली की दिवसभर उपाशी राहण्याचे कारण पुन्हा तयार असे. फिरायला अंबाझरीला जाणेही मी याच भीतीने बंद केले होते.

म्हणजे पोट, भीती आणि वजन हे तीन वेगळे आजार नव्हते, एकाच गाडीचे तीन डबे होते, आणि मी आयुष्यभर मागचा डबा ढकलत होतो. तीव्र लठ्ठपणा असलेल्यांमध्ये आयबीएस आणि मानसिक आरोग्य यांचा परस्परसंबंध नॉर्वेसारख्या देशांतील संशोधकांनी लठ्ठपणाच्या उपचारासाठी आलेल्या रुग्णांवरच तपासलेला आहे. आपल्याकडे मात्र लठ्ठ माणूस रात्री खातो याचा अर्थ खादाडपणा, एवढ्यावर चौकशी संपते. संबंध आहे म्हणून एकाने दुसरे घडवले असे सिद्ध होत नाही, हेही बाईंनीच बजावले. माझ्या बाबतीत कोणता धागा प्रथम उसवला, हे शोधण्यापेक्षा कोणता धागा प्रथम हाती लागतो हे पाहू, असे त्यांचे म्हणणे होते.

उपचार म्हणून त्यांनी विचार आणि वर्तन यांवर काम करणारी सीबीटी पद्धत वापरली. एकूण आठ सत्रे झाली. पहिला प्रयोग रविवारी घरीच सकाळी अर्धी ज्वारीची भाकरी खाण्याचा होता. दुसरा, सुटीच्या दिवशी खाऊन मेट्रोत बसण्याचा आणि मध्ये कोठेही न उतरण्याचा. तिसरा तोच प्रयोग कामाच्या दिवशी करण्याचा. सर्वांत अवघड काम मात्र मी ज्या न्यायाधीशांकडे बसतो त्यांना सांगण्याचे होते. पेन आडवे ठेवले की मला दोन मिनिटे हवी आहेत, अशी खूण ठरवण्याची विनंती मी केली, ती त्यांनी तत्काळ मान्य केली, आणि त्यानंतरच्या पाच महिन्यांत मला पेन दोनदाच आडवे ठेवावे लागले. उठून जाता येते हे माहीत झाल्यावर उठण्याची गरजच कमी झाली. सत्रांविषयी तक्रार एवढीच की, पंचेचाळीस मिनिटांचे सत्र तीनदा तीस मिनिटांतच गुंडाळले गेले, आणि खोलीची भिंत प्लायवूडची असल्याने पलीकडचा वजनकाटा वाजलेला ऐकू येतो.

आहार विभागाला मी निम्मेच गुण देईन. पहिल्या आठवड्यात मला जो छापील तक्ता मिळाला, तो वजन कमी करण्याच्या दृष्टीने निर्दोष होता: सकाळी मोड आलेली कडधान्ये, मधल्या वेळी सफरचंद, दुपारी गव्हाचे फुलके, राजमा आणि कांद्याची कोशिंबीर, संध्याकाळी साय काढलेले दूध. यातील जवळजवळ प्रत्येक पदार्थ आयबीएस असलेल्या पोटात वायू धरणारा आणि पाणी ओढणारा आहे. नऊ दिवस मी तो निष्ठेने पाळला आणि ते नऊ दिवस गेल्या नऊ वर्षांतील सर्वांत वाईट होते. दहाव्या दिवशी उलगडा झाला की, डॉक्टरांनी लिहिलेले निदान आहारतज्ज्ञांच्या फाइलपर्यंत पोहोचलेच नव्हते. सर्व तज्ज्ञ एका छताखाली, असे ज्या केंद्राच्या पाटीवर लिहिलेले आहे, तेथे एका खोलीतील कागद दुसऱ्या खोलीत न जाणे ही साधी चूक नाही.

आहारतज्ज्ञ मुलीने मात्र चूक सरळ कबूल केली आणि तक्ता नव्याने लिहून दिला. मेलबर्नच्या मोनॅश विद्यापीठात विकसित झालेला लो-फॉडमॅप आहार, म्हणजे आतड्यात नीट न शोषल्या जाणाऱ्या आणि वायू धरणाऱ्या शर्करा कमी केलेला आहार, तिने आमच्या वैदर्भीय स्वयंपाकघराला बसवला, आणि हे तिने खरोखर चांगले केले. कांद्याऐवजी पातीच्या कांद्याचा फक्त हिरवा भाग. लसूण तेलात परतून, पाकळ्या काढून टाकून त्या तेलाची फोडणी, कारण लसणातील त्रास देणारी शर्करा पाण्यात उतरते, तेलात उतरत नाही. पोळीऐवजी ज्वारीची भाकरी किंवा भात. सफरचंदाऐवजी आपले संत्रे. आणि हिंग चिमूटभरच, कारण बाजारातील बांधणी हिंगात बहुधा गव्हाचे पीठ मिसळलेले असते. साखरमुक्त म्हणून मी चघळत असलेली च्युइंगम बंद झाली, कारण तिच्यात गोडीसाठी घातलेले सॉर्बिटॉल स्वतःच जुलाब करते. वजनाच्या भीतीने घेतलेली वस्तू पोटाला कशी भोवते, याचे याहून नेमके उदाहरण नसेल. हा कडक आहार कायमचा नसतो, हे तिने पहिल्याच दिवशी लिहून दिले. चार आठवड्यांनंतर एकेक पदार्थ परत आणून पाहिला, तेव्हा तुरीचे वरण अर्धी वाटी चालते, चहातील दूध चालते, कांदा आणि लसूण बेताने चालतात, चण्याची तर्री चालत नाही, असा माझा निकाल लागला. सावजी महिन्यातून एकदा, तोही रस्सा बेताने आणि दुसऱ्या दिवशी सुटी असेल तेव्हाच.

औषधांच्या बाबतीत डॉक्टर घाई करत नाहीत. त्यांनी रात्री १० मिलिग्रॅम अॅमिट्रिप्टिलिन सुचवले, आणि या औषधाने वजन वाढू शकते हे आपणहून सांगून, मात्रा सर्वांत कमी ठेवण्याचे आणि दर महिन्याला वजन तपासण्याचे ठरवले. २०२३ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधील चाचणीत ४६३ आयबीएस रुग्णांवर हेच औषध १० ते ३० मिलिग्रॅम मात्रेत उपयुक्त ठरल्याचे दिसले होते. औषधाच्या दुकानात काउंटरवरील माणूस मोठ्याने म्हणाला, “भाऊ, ही तर डिप्रेशनची गोळी आहे, कायले घेता?” पत्नी शेजारीच उभी होती. शरीरातील सुमारे ९० टक्के सेरोटोनिन आतड्यात असते आणि मेंदूतील निरोप बदलणारे औषध आतड्यातीलही निरोप बदलू शकते, हे मी तिला घरी येईपर्यंत समजावत होतो. केंद्राने ही गोष्ट चिठ्ठीवर एका ओळीत लिहून दिली असती तर तो रस्ता कमी लांब वाटला असता.

मार्च २०२५ मध्ये वजन कमी करणाऱ्या टिर्झेपेटाइडचे इंजेक्शन भारतात आल्यापासून लठ्ठपणाचा प्रत्येक रुग्ण तेच मागत येतो, मीही मागितले. मळमळ, जुलाब आणि बद्धकोष्ठता हे त्याचे नेहमीचे परिणाम आहेत, तेव्हा पोट आधी थाऱ्यावर येऊ द्या, असे सांगून डॉक्टरांनी ते लांबणीवर टाकले. शस्त्रक्रियेचा विषय मी काढला तेव्हा माहिती दिली, आग्रह केला नाही.

खर्चाचे म्हणाल तर पहिली भेट १,५०० रुपये, पुढच्या भेटी ७०० रुपये आणि मानसशास्त्रज्ञांचे प्रत्येक सत्र १,२०० रुपये पडते. तपासण्या वेगळ्या. माझ्या विमा योजनेतून यातील एक रुपयाही परत मिळाला नाही. बाई फक्त मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी असतात, त्यामुळे नोकरदाराला रजा टाकावी लागते; वेळ दोन आठवडे आधी न घेतल्यास मिळत नाही. दुचाकी लावायला जागा नाही, परंतु काँग्रेस नगर मेट्रो स्थानक चालत जाण्याजोगे आहे.

सात महिन्यांनंतर वजन ११५ किलो आहे. पोटदुखीचे दिवस आठवड्यात पाचावरून सरासरी एकावर आले आहेत. नऊ किलो हा आकडा सांगितला की लोक निराश होतात, पण मी आता कचेरीत डबा नेतो आणि तो सर्वांसमक्ष उघडतो. पाच तारे देण्याची पद्धत असेल तर मानसशास्त्रज्ञांना पाच, डॉक्टरांना साडेचार, आहार विभागाला अडीच आणि शौचालयाला शून्य. किल्लीविषयी मी तक्रारपेटीत दीड पानी अर्ज टाकला होता, न्यायालयीन मराठीत, मुद्द्यांना क्रमांक देऊन. मागच्या शुक्रवारी गेलो तेव्हा किल्ली स्वागतकक्षातून निघून शौचालयाच्या दाराशेजारी एका खिळ्यावर लटकत होती.